वाचले किती?

आमचे साडू डोंबिवलीला राहतात. ठाण्याला कितव्या डब्यातून उतरलं की जिना बरोबर दारासमोर येतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. दादरच्या पुलासाठी डबा वेगळा, घाटकोपरच्या मेट्रोसाठी वेगळा. चौतीस वर्षं बँकेत नोकरी केली, पण फलाटावर उगीच चाललेलं एक पाऊल दाखवा म्हणतात. अशा माणसाच्या हाती युरोपचं वेळापत्रक लागलं.

खरं तर आमच्या हिने आणि तिच्या ताईने टूर कंपनीचं पत्रक आणलं होतं. साडूंनी ते उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. "बसने फिरवतात हो हे. युरोपात जाऊन बस?" कोकणात जाऊन पनीर मागवणाऱ्याबद्दल आपण ज्या सुरात बोलतो, तो सूर.

मग एक्सेलची फाइल आली. पॅरिस, झुरिक, मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम. चौघं, पंधरा दिवस, एक युरो म्हणजे शंभर रुपये धरून. फाइलमध्ये अकरा पानं होती आणि प्रत्येकाला नाव होतं. 'पास', 'सुटी तिकिटे', 'संप' वगैरे. एकाचं नाव 'शौचालय'. तिकडे मोठ्या स्टेशनांवर त्यासाठी युरोभर तरी मोजावा लागतो, गाडीतलं मात्र फुकट. तेव्हा उतरायच्या वीस मिनिटं आधी साडूंच्या फोनवर गजर व्हायचा आणि चौघांनी आळीपाळीने जाऊन यायचं. इच्छा असो वा नसो.

पासावर आमच्या दोन बैठका झाल्या. युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी युरेल पास १९५९ पासून आहे. आता तो ३३ देशांत चालतो, ठरलेल्या दिवसांत हव्या तेवढ्या गाड्या. हे ऐकून मी म्हटलं, घेऊन टाकू. साडूंनी चष्मा काढला. "पासावर प्रवास मिळतो. जागा मिळत नाही." फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात, आणि फ्रान्सच्या गाड्यांत पासवाल्यांना जागाही मोजक्याच. "म्हणजे कोटा!" साडू म्हणाले, आणि परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटावा तसा त्यांचा चेहरा खुलला. पुढे निघालं की साठीच्या वरच्यांना पासावर दहा टक्के सवलत आहे. ते आणि ताई त्यात बसत होते, मी अठ्ठावन्नचा. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "दोन वर्षं थांबायचं का?" चेष्टा नव्हती.

शेवटी पास बाद झाला. वेगवान गाडीचं तिकीट विमानासारखं असतं. महिनोन्‌महिने आधी काढलं तर स्वस्त, आदल्या दिवशी काढायला जाल तर भाव अंगावर येतो. गावोगाव थांबत जाणाऱ्या गाडीचं भाडं मात्र ठरलेलं. ते आज काढा नाहीतर निघायच्या पाच मिनिटं आधी, तेवढंच. म्हणून वेगवान गाड्यांना घाई करायची, बाकी ठिकाणी पैसे अडकवायचे नाहीत आणि स्वित्झर्लंडपुरतं महिन्याचं अर्ध्या भाड्याचं कार्ड घ्यायचं. हे सगळं मी आजही कुणालाही समजावून सांगू शकतो. कुणी विचारत नाही.

घाईची तिकिटं परत होत नसतात आणि आमचा व्हिसा अजून यायचा होता.

"नाही आला तर?" ही म्हणाली.

"तर पैसे बुडतील. पण आला आणि तिकिटं नसली, तर जास्त बुडतील."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. रात्री दोन वाजता उठून त्यांनी तिकिटं काढली आणि सव्वादोनला मला फोन करून सीट नंबर सांगितले.

आता ठाण्याची गोष्ट. स्वित्झर्लंडात खूर नावाचं स्टेशन आहे. ("गुराचा?" ताईंनी विचारलं होतं.) तिथे आम्हाला मोठी गाडी सोडून अरुंद रुळांची छोटी गाडी धरायची होती, मध्ये सहा मिनिटं. तिकडच्या गाड्या एकमेकींची वेळ सांभाळूनच आखलेल्या असतात, सहा मिनिटं म्हणजे ऐसपैस, असं सगळीकडे लिहिलेलं. साडूंचा त्यावर विश्वास होता. आमच्यावर नव्हता.

म्हणून एका रविवारी सकाळी सात वाजता आम्ही चौघं ठाणे स्टेशनवर. चार बॅगा, प्रत्येकीत तांदूळ आणि जुने दिवाळी अंक मिळून अठरा किलो. एक नंबरवरून जिना चढायचा, पूल ओलांडायचा, पाच नंबरवर उतरायचं. साडू घड्याळ हातात घेऊन पुढे. पहिल्या खेपेला साडेनऊ मिनिटं लागली, कारण पुलावर ताईंना त्यांची जुनी मैत्रीण भेटली. दुसऱ्या खेपेला आठ. तिसऱ्या वेळी एका हमालाला आमची दया आली.

"साहेब, गाडी कुठली धरायचीय?"

"मिलानची," साडू धापा टाकत म्हणाले.

हमालाने क्षणभर विचार केला. "ती सीएसटीवरनं सुटती."

पाचव्या खेपेला पाच मिनिटं पन्नास सेकंद झाली तेव्हा साडूंनी मान डोलावली. फलाटाची चार तिकिटं, दहा रुपयांप्रमाणे चाळीस रुपये. ती फाइलमध्ये 'सराव' या सदराखाली आजही युरोपच्या खर्चात आहेत.

पुढे खरोखरीच्या खूरला आम्ही साडेतीन मिनिटांत दुसऱ्या गाडीत होतो. उरलेली अडीच मिनिटं साडू दारात उभे राहून फलाटाकडे पाहत होते. त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण झुरिकला आदल्याच दिवशी असाच एक धक्का बसला होता. तिथे फलाटावर ओळीने अक्षरं टांगलेली असतात आणि पहिल्या वर्गाचा डबा कुठल्या अक्षराखाली थांबणार, दुसऱ्याचा कुठल्या, हे पाटीवर दाखवलेलं असतं. ज्या विद्येत साडूंची चौतीस वर्षं गेली, ती इथे कुणालाही फुकट. पाटीसमोर ते बराच वेळ उभे होते. मी फोटो काढू का विचारलं, तर नको म्हणाले.

त्यांच्याबरोबर प्रवास करण्यातली खरी अडचण अशी की ते बहुधा बरोबर निघतात. माणूस चुकला तर त्याला हसून मोकळं होता येतं. आता बर्निनाचंच घ्या. युनेस्कोने २००८ मध्ये जागतिक वारशात घेतलेला मार्ग. सेंट मॉरिट्झहून निघून २२५३ मीटर उंचीपर्यंत चढतो आणि इटलीत तिरानोला उतरतो. त्यावर बर्निना एक्स्प्रेस धावते, छतापर्यंत काचा असलेली. तिला आरक्षण सक्तीचं, म्हणजे तिकिटावर वेगळे पैसे. दोघी बहिणी त्या काचांसाठी अडून बसल्या होत्या. साडू ऐकेनात. "त्याच रुळांवरून साधी गाडी जाते. तेच डोंगर. डोंगराला कळतंय का तुम्ही कुठल्या गाडीत आहात?"

आम्ही साध्या लाल गाडीत बसलो. डबा निम्मा रिकामा. खिडकी खाली ओढता येत होती. हिमनदीवरचं वारं तोंडावर आलं, फोटोत काचेतलं आपलंच तोंड आलं नाही, आणि ब्रुझिओला गाडी गोल वळून स्वतःच्याच कमानीखालून निघाली तेव्हा मी अर्धा बाहेर वाकून तिची शेपटी पाहिली. आदल्या रात्रीपर्यंत न बोलणाऱ्या ताईंनी दशम्यांचा डबा उघडून पहिली दशमी नवऱ्याला दिली. साडूंनी ती खाल्ली आणि वहीत काहीतरी टिपलं.

इटलीतला संपही त्यांनी पचवला. तिकडे रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यांची यादीच असते, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत छोट्या गाड्या सोडाव्याच लागतात. फ्लोरेन्सहून रोमला जायच्या दिवशी आमची दीड तासाची वेगवान गाडी रद्द झाली आणि आम्ही पहाटेच्या छोट्या गाडीने रखडत पोचलो. रद्द गाडीचे पैसे परत आले. ती संबंध सकाळ साडू शीळ घालत होते.

हरले ते एकदाच, व्हेनिसला. राहण्याची सोय अर्थातच अलीकडे जमिनीवर, मेस्त्रेला. तिथून पाण्यावरच्या पुलाने दहाएक मिनिटांत गाडी सांता लुचियाला येते आणि खोलीचं भाडं बरंच कमी. कॉफीचंही त्यांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं. इटलीत काउंटरशी उभं राहून प्यायची, टेबलाशी बसलं की भाव वाढतो. आम्ही सात दिवस उभ्याने कॉफी प्यायलो. माझ्या पोटऱ्या साक्षीला आहेत.

त्या दुपारी दोघी बहिणी "जरा दुकानं बघून येतो" म्हणून गेल्या आणि दोन तास आल्या नाहीत. सापडल्या त्या सेंट मार्कच्या चौकात, एका उपाहारगृहाच्या खुर्च्यांवर. समोर कॉफी आणि पाण्याचे पेले, मागे पांढऱ्या कोटातले वादक. दोघी बोलत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. साडूंनी बिल उचललं. कॉफीची किंमत होतीच, शिवाय माणशी संगीताचे पैसे वेगळे लावलेले. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"अहो, मी दिलेत," ताई म्हणाल्या. "माझ्या पैशातून. खुर्ची किती छान आहे बघा. बसा ना."

ते बसले नाहीत. पण उभेही कुठे राहावं हे त्यांना सुचेना. रात्री फाइलमध्ये बारावं पान उघडलं गेलं. नाव, 'अपघात'. त्यात एकच नोंद आहे.

परत आल्यावर हिशेबाची सभा आमच्या घरी झाली, पोह्यांसकट. प्रत्येक खर्चापुढे 'वाचले' असा रकाना होता. शेवटच्या दिवशी पहिल्या वर्गाचं तिकीट काढून, काचेच्या गाडीत बसून, स्टेशनवरच्या शौचालयात जाऊन जो खर्च झाला असता, त्यातून प्रत्यक्षातला वजा. बेरीज केली तर वाचलेली रक्कम खर्चापेक्षा साडेअकरा हजारांनी जास्त. "म्हणजे युरोपच आपलं देणं लागतो," मी म्हटलं. साडूंनी मान डोलावली. विनोद त्यांच्या लक्षात आला नसावा. किंवा तो त्यांना विनोद वाटला नसावा.

आता जपानचं घाटतंय. तिथला सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० वर गेला. ही बातमी त्यांनी मला फोनवर, जवळचं कुणी गेल्याचं कळवावं तशी, हळू आवाजात सांगितली. तेव्हा पास नाही, सुटी तिकिटं. शिवाय टोकियो-ओसाकाच्या शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर बॅग असेल तर तिच्या जागेचं आरक्षण आधी करावं लागतं.

काल साडू टेप घेऊन येऊन गेले. आमची बॅग १६२ भरली.