अंतरवाले नाना

नशिराबादच्या भरीत पार्टीत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून होईपर्यंत तोंडी लावायला एक नाना लागतात. हे नाना कुणी एक नव्हेत. भुसावळला रेल्वेत नोकरी केलेले, मुलगा डोंबिवलीत आणि भाची न्यू जर्सीत असलेले नाना या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. 2017च्या डिसेंबरात ‘उडान’ योजनेतून जळगाव-मुंबई विमान सुरू झालं आणि नाना रुळांवरून हवेत गेले. ती सेवा पुढं बंद पडली, मग दुसऱ्या कंपन्या आल्या. नानांच्या सेवेत खंड नाही.

“नाना, मुंबई किती?”

“कोणती? रुळानं 420च्या घरात. हवेतून साडेतीनशे.”

पंख्याचं विमान तासाला पाचशे किलोमीटर जातं, म्हणजे पाऊण तासाच्या आत पोचायला हवं. तिकिटावर तासाच्या वर वेळ का छापतात? हा प्रश्न नाना स्वतःच काढतात, कारण दुसरा कुणी काढत नाही. तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं त्यात आलं, चढउताराचा कमी वेगही आला. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. वर घिरट्या घाला! आउटर सिग्नलला उभी राहिलेली गाडी पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. नाना तरी सांगतात.

अमेरिका निघाली की नाना खुलतात. मुंबई ते न्यूअर्क साडेबारा हजार किलोमीटर, पण नकाशावर पट्टी ठेवून मोजायचे नाहीत. नातवाच्या पृथ्वीगोलावर ते दोरा ताणून दाखवतात. दोरा थेट पश्चिमेला न जाता उत्तरेकडं चढतो. येताना विमान लवकर पोचतं, कारण उंचावरचा पश्चिमेचा जोरदार वारा पाठीशी असतो.

“मंग पृथ्वी फिरते ना नाना? विमान वरच उभं ठेवा, अमेरिका खाली आली का उतरा.”

नाना वांग्याचं साल काढता काढता थांबतात. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, हे ते तिसऱ्यांदा समजावतात. समोरच्याला ते पहिल्यांदाच कळलेलं असतं. निदान तो चेहरा तसा करतो. भरीत अजून घोटायचं असतं.

एवढं असून डोंबिवलीला जायचं म्हटलं की नाना रात्रीची गाडीच धरतात. विमान कल्याण-डोंबिवली मागं टाकून सांताक्रूझला उतरवतं, तिथून घामाघूम होत उलटं यायचं. गाडी आधी कल्याणलाच सोडते. शिवाय झोपेत गेलेले तास नाना प्रवासात धरत नाहीत. याहून मोठं कारण पाकिटात असतं, ते नानी सांगतात: निवृत्तीनंतरचा रेल्वेचा पास. त्यात नानींचाही प्रवास बसतो.

“विमानवाल्यांनी असा पास काढला,” नाना म्हणतात, “तर सांताक्रूझ फार लांब नाही.”