मालकीणबाईंचा मुनीम

आमच्या घराण्यात घरमालक कधी झालाच नाही. आजोबा भाडेकरू, वडील भाडेकरू, आणि दोघेही त्या विद्येत निष्णात. नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या आणि एक सामाईक नळ, एवढ्या भांडवलावर त्यांनी कायद्याचं जे ज्ञान मिळवलं, तेवढं मला बँकेत इतकी वर्षं काढूनही मिळालेलं नाही. मुंबई राज्यात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि त्यानं प्रमाण भाडं ठरवायला १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली. पुढे माणूस चंद्रावर जाऊन आला, शेंगदाणे सोन्याच्या वाटेला लागले, पण आमचं भाडं बावीस रुपयांवरून हललं नाही.

मालक वरच्या मजल्यावर राहायचा आणि हे बावीस रुपये घ्यायला साफ नकार द्यायचा. भाडं थकलं की भाडेकरूला बाहेर काढायचा रस्ता मोकळा होतो, हे त्याला ठाऊक होतं. वडिलांनाही होतं. म्हणून वडील दर महिन्याला मनिऑर्डर करायचे. तळमजल्यावरून निघालेले बावीस रुपये पोस्टात जायचे, पोस्टमनच्या पिशवीतून त्याच वाड्यात परत यायचे, दोन जिने चढायचे आणि नकाराचा शेरा घेऊन खाली उतरायचे. तो परत आलेला फॉर्म वडील तारीखवार फायलीत लावत. घराला आग लागली असती तर आधी ती फाईल बाहेर आली असती, मग आम्ही. मालकाची बाजूही आता मला दिसते. बावीस रुपयांत कौलं शाकारून होत नाहीत. पण तेव्हा आमच्या घरी मालकाची बाजू काढणं म्हणजे पानिपतावर अब्दालीची बाजू घेण्यासारखं होतं.

अशा रक्ताच्या माणसानं भाड्यानं द्यायला घर घ्यावं, ही कल्पना माझी नव्हे, पुतण्याची. त्यानं ‘रिच डॅड पुअर डॅड’ वाचलं होतं. ते वाचल्यावर माणूस काही दिवस आपल्या बापाकडे जरा विचित्र नजरेनं बघतो. याचा बाप गावाला गेल्यामुळे ती नजर माझ्यावर पडली. “काका, तुमचा पैसा झोपलाय,” तो म्हणाला. “तुम्ही झोपाल तेव्हा पैशानं काम केलं पाहिजे.” माझ्या मुदत ठेवी खरोखरच शांत झोपल्या होत्या. वर्षाला सात टक्क्यांनी अंगानं भरतही होत्या. पण झोपलेल्या माणसाला उठवण्यातलं समाधान पुण्यात फार मोठं मानतात.

धायरीत बेचाळीस लाखांचा वन बीएचके ठरला. बारा लाख माझे, तीस लाख कर्ज. साडेआठ टक्के दरानं वीस वर्षांचा हप्ता सव्वीस हजार, आणि त्या भागात अशा घराचं भाडं तेरा हजार. बरोबर निम्मं. मी हा हिशेब कागदावर मांडून बायकोपुढे ठेवला. तिनं तो वाचला, कागद उलटा करून मागे उरलेला हिशेब आहे का ते पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे घर आपलं, हप्ता आपला, राहणार दुसरंच कोणीतरी, आणि त्याला तिथे राहायला महिन्याला तेरा हजार आपण द्यायचे.” मी म्हटलं, किंमत वाढते ना. ती म्हणाली, “कुणाची?”

माझ्याकडे एकच हुकमाचं पान उरलं होतं, ते मी टाकलं. पुण्यात घराच्या खरेदीवर सात टक्के मुद्रांक शुल्क पडतं. पण घर बाईच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून एक टक्का सूट मिळते. बेचाळीस लाखांवर बेचाळीस हजार. “तुझ्या नावावर घेऊ,” मी म्हटलं. यावर तिचं गणित ताबडतोब सुधारलं. सबरजिस्ट्रार कचेरीतून इंडेक्स टू हातात आलं, त्यावर तिचं संपूर्ण नाव होतं आणि माझं फक्त तिच्या नावाच्या मधोमध. आमच्या घराण्यातला पहिला घरमालक ती झाली. मी भाडेकरूचा भाडेकरूच राहिलो, वर हप्ता.

पुढे सीएनं आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. घर बायकोच्या नावावर असलं तरी त्यात घातलेला पैसा नवऱ्याचा असेल, तर भाड्याचं उत्पन्न नवऱ्याच्याच खात्यात धरतात. मालकी तिची, कर माझा. सरकारनं विवाहसंस्था इतकी नेमकी कधी ओळखली, कोण जाणे. मात्र एका बाबतीत आयकर खातं उदार आहे. भाड्यातून मिळकतकर वजा केला की उरलेल्यावर दुरुस्ती वगैरेसाठी तीस टक्के सरसकट वजावट देतं. दुरुस्ती करा, नाही तर करू नका, पावती मागत नाही. हे मी गिझरला सांगितलं नव्हतं, तरी त्याला कुठून तरी समजलं.

आता भाडेकरू. आमच्याकडे घर रिकामं ठेवणारी माणसं काही थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी सापडली होती. आमच्याच सोसायटीत अशी कुलपं आहेत, आणि त्यामागे वडिलांसारख्या भाडेकरूंची दहशत आहे. जुन्या कायद्यातून सुटायला मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पळवाट काढली. तीही सरकारनं एकदा बुजवली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे जे असे लायसन्सवर घरात बसलेले होते, ते सगळे एका दुरुस्तीनं कायदेशीर भाडेकरू झाले. त्या दिवशी सकाळी पाहुण्याला चहा देऊन संध्याकाळी कुळकायद्याचा प्रसाद मिळालेल्या मालकांची नातवंडं अजून घराला कुलूप लावून दोनदा ओढून बघतात. पाहुण्यांचं पान वाढतानासुद्धा त्यांचा एक डोळा दाराकडे असतो.

आजचा कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. तो लायसन्सवाल्या मालकाला बराच सांभाळतो: मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट पैसे भरावे लागतात. पण त्याची एक अट आहे, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि वर, वेगळं काही सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या. हे कलम वाचून मला वडिलांची फार आठवण आली. ते असते तर त्यांनी चष्मा पुसून ते दुसऱ्यांदा वाचलं असतं.

तरी करार अकरा महिन्यांचाच करतात. वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवावा लागत नाही, या १९०८ च्या नोंदणी कायद्यातल्या सवलतीसाठी तो अकराचा आकडा जन्माला आला. महाराष्ट्रात आता अकरा महिने असो की अकरा दिवस, नोंदणी चुकत नाही. कारण गेलं, आकडा राहिला. एजंटला विचारलं तर म्हणाला, “सर, अकराच असतात.” एवढ्या ठामपणे मला अजून कोणी गुरुत्वाकर्षणाबद्दलही सांगितलेलं नाही.

एजंटनं दोन मुलगे आणले. एक लातूरकडचा, एक जळगावचा, दोघं हिंजवडीला एकाच कंपनीत. (धायरीत राहून हिंजवडीला नोकरी करणारा माणूस चिवट असणार, भाडं बुडवण्याइतका वेळ त्याला मिळणार नाही, असा माझा अंदाज.) मी मालकाचा चेहरा करून बसलो. या चेहऱ्याचे दोनच नमुने मी पाहिलेले: एक आमच्या वाड्याच्या वरच्या मजल्यावरचा, दुसरा सिनेमातला, जो भाडं थकलं की सामान रस्त्यावर फेकतो. दोन्ही एकत्र करून मी कपाळाला आठी घातली. लातूरकरानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “काका, पाणी किती वाजता येतं?”

तिथेच सगळं संपलं. जो माणूस तुम्हाला काका म्हणतो, त्याच्याकडून डिपॉझिट मागता येतं, पण रंगाचे पैसे मागता येत नाहीत. तीन महिन्यांच्या डिपॉझिटवर मी अडलो होतो. तो म्हणाला, “काका, बहिणीचं लग्न आहे,” आणि मी चाळीस हजारांचा आकडा सांगताना तीस म्हणालो. मालकीणबाई आतून बाहेर आल्या. त्यांनी चाळीस म्हटलं. मुलांनी चाळीस दिले.

कराराच्या दिवशी एजंटचा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेल्या दहा टक्के व्याजाच्या पाव टक्का, म्हणजे चारशेच्या आत. नोंदणीचे हजार. सगळं अगदी स्वस्त, फक्त मालकाचा अंगठा पाहिजे. मालकाचा अंगठा म्हणजे मालकिणीचा. तो मशीनला मान्य होईना. माणूस म्हणाला, कपाळावर घासा. घासला. म्हणाला, केसांवर घासा. घासला. तेवढ्यात ती शांतपणे म्हणाली, “वीस वर्षं भांडी घासल्यावर रेषा कुठून राहणार?” दोन्ही भाडेकरू, दोन्ही साक्षीदार आणि मशीनवाला असे पाच जण माझ्याकडे बघू लागले. आठव्या की नवव्या वेळी हिरवा दिवा लागला. त्या रात्रीपासून आमच्याकडची भांडी मी घासतो. भाड्याच्या उत्पन्नातून हा खर्च वजा होत नाही, मी सीएला विचारून ठेवलंय.

पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन दिली. महापालिकेला देण्याची गरजच पडली नाही, ती सोसायटीनं दिली: घरात स्वतः राहिलात तर पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, भाड्यानं दिलं की ती जाते. सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र मी तयारीनिशी भेटलो. त्यांनी बिनभोगवटा शुल्क म्हणून महिन्याला हजार रुपये सांगितले. आता काका म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. रक्तातला भाडेकरू खडबडून जागा झाला. “हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शासन आदेश, १ ऑगस्ट २००१,” मी म्हटलं आणि वडिलांच्या पद्धतीनं फाईल टेबलावर ठेवली. आमचं सेवाशुल्क अठराशे. एकशेऐंशी रुपये ठरले. आयुष्यात मालक म्हणून मिळवलेला हा माझा एकमेव विजय, आणि तो मी भाडेकरूच्या हत्यारानं मिळवला.

बाकी वर्ष गिझरनं, सिंकखालच्या पाइपनं आणि बाल्कनीतल्या कबुतरांनी वाटून घेतलं. पुतण्या म्हणाला होता, झोपेत पैसे मिळतील. झोपेत फोन मिळतात. रात्री साडेअकराला, “काका, झोपला नव्हतात ना?” असा. भाडं मात्र मुलगे एक तारखेला न चुकता पाठवतात, आणि मला ते बघवत नाही. वडिलांची शिस्त पुढे चालवणारी मुलं मिळाली, ती जळगाव आणि लातूरची.

अकरा महिने भरत आले. एजंटनं सांगितलं, नूतनीकरणात दहा टक्के वाढ मागतात. मी आरशासमोर सराव करून पाच टक्क्यांपर्यंत आलो आणि फोन लावला. लातूरकर म्हणाला, “काका, बी विंगमध्ये बारालाच मिळतोय हो. पण तुम्हाला सोडून जायला जीव होत नाही.” मी म्हटलं, “अरे मग कशाला जाता, बाराच...” तेवढ्यात फोन माझ्या हातातून गेला.

“मालकीण बोलतेय,” ती म्हणाली. “तेरा हजार सातशे. बी विंगच्या त्या फ्लॅटला दुपारी पाणी नसतं, मी बघून आलेय. बाल्कनीला कबुतरांची जाळी लावून देते. चालेल?” पलीकडून काहीतरी आलं. “चालेल म्हणतोय,” ती मला म्हणाली आणि फोन परत दिला. “काका सकाळी येऊन जाळी लावतील असं सांगितलंय त्याला. स्टूल घेऊन जा, त्यांच्याकडे नाहीये.”