दोन तारांची केबल

मागच्या शनिवारी नागपूरच्या बर्डीवरून एक केबल आणली. ऐंशी रुपयांची. घरी जुना डिजिटल कॅमेरा आहे आणि कार्ड न टाकता काढलेले अकरा फोटो त्याच्या पोटातल्या मेमरीत अडकले आहेत. एका फोटोत आजी महाल भागातल्या आमच्या घराच्या ओट्यावर संत्री सोलत बसली आहे. आज घर नाही, आजीही नाही.

दुकानदाराला स्पष्ट विचारलं, "फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे आहेत. होईल ना यानं?"

"होऊन जाते जी. केबल केबल सारखीच."

केबलचं तोंड कॅमेऱ्यात बरोबर बसलं. कॉम्प्युटर मात्र ढिम्म. दोन तास सेटिंग बदलून पाहिली आणि शेवटी कॅमेराच गेला, असं मनाशी धरलं. गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं ब्लेडनं ती केबल सोलली. आत दोनच तारा निघाल्या, लाल आणि काळी. या वीज नेतात. फोटो नेतात त्या हिरवी आणि पांढरी. त्या घातल्याच नव्हत्या. पोरानं डब्यातून चार तारांची जुनी केबल काढून लावली आणि मिनिटभरात आजी पडद्यावर आली.

मी याला फसवणूकच म्हणतो. चार्जिंगची केबल विकायला हरकत नाही, पण तसं पाकिटावर छापा. मालाचा दर्जा आणि मानक जाणून घेणं हा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिलेला हक्क आहे. केबलमधून डेटा जातो की नाही, हा दर्जाचाच प्रश्न आहे.

आधीच तोंडांचा गोंधळ काय कमी आहे? कॅननच्या जुन्या पॉवरशॉटला मिनी यूएसबी, निकॉनच्या कितीतरी कूलपिक्सना आठ पिनांचं चपटं तोंड. एकाची केबल दुसऱ्याला चालत नाही. युरोपीय संघानं 28 डिसेंबर 2024 पासून मोबाइलसोबत डिजिटल कॅमेऱ्यांनाही टाइप-सी बंधनकारक केलं. आपल्या भारतीय मानक ब्युरोनंही टाइप-सीचं मानक काढलं आहे. चांगलंच झालं. पण तोंड एक झालं म्हणून आतल्या तारा एक होत नाहीत. उलट सगळ्या केबली सारख्या दिसू लागल्या की फसणं आणखी सोपं. म्हणून केबलच्या प्रत्येक पाकिटावर 'डेटा' किंवा 'फक्त चार्जिंग' छापण्याची सक्ती हवी.

तोवर आपण एवढं करू. केबल घ्यायला जाताना कॅमेरा सोबत न्यायचा. दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडून एक तरी फोटो उघडून दाखवा म्हणायचं. बिलावर 'डेटा केबल' लिहून घ्यायचं. फोटो कार्डात असतील, तर कार्ड रीडर घेतला की काम भागतं. आणि कॅमेऱ्यासोबत आलेली मूळ केबल दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात द्यायची नाही. तिला चिठ्ठी बांधून कॅमेऱ्याच्याच पिशवीत ठेवायची.

आजीचा फोटो मी मोठा करून घेतला आहे. कितीतरी घरांत असे कॅमेरे बिघडले समजून पडून असतील. त्यांतला एखादा या रविवारी बाहेर काढा आणि चार तारांची केबल लावून पाहा.