नीळ जास्त पडली

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. जग निळं दिसण्याची सोय मात्र मार्च १९९८ मध्ये झाली, अमेरिकेच्या एफडीएने व्हायग्राला मंजुरी दिली तेव्हा. मूळ संशोधन चाललं होतं छातीच्या दुखण्यावर. हृदयाचं फारसं भलं झालं नाही. ज्याचं झालं त्याच्या बोलबाल्यात हृदय मागेच पडलं. गोळीही निळी काढली. पुढे काय दिसणार याची आगाऊ सूचनाच म्हणायची.

व्हायग्रातलं सिल्डेनाफिल हे औषध अडवतं ते पीडीई-५ नावाच्या एंझाइमला. त्याचं भावंड पीडीई-६ डोळ्याच्या पडद्यात प्रकाशाचं खातं सांभाळतं. औषध पाच नंबरच्या बिऱ्हाडाकडे निघतं आणि जाता जाता सहा नंबरची कडी वाजवतं. मग काही तास निळसर झाक, धूसरपणा, दिवे डोळ्यांत खुपणं.

अमेरिकेच्या विमान खात्याने हे मनावर घेतलं. गोळीनंतर काही तास विमानाला हात लावायचा नाही, अशी वैमानिकांना ताकीद दिली. टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळे, मधले हिरवे. तिथे गफलत परवडत नाही. आमच्या स्कूटरवाल्यांना असा नियम नाही. सिग्नलच्या रंगाशी त्यांचा गोळीआधीही संबंध नव्हता.

आपल्याकडे कायद्याने ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. व्यवहारात ती मेडिकलमधली बाई निघून जाईपर्यंत मिळत नाही. तोवर गृहस्थ क्रोसिन घेतात, खोकल्याच्या गोळ्या घेतात, वजनकाट्यावर उभे राहतात. शेवटी हळूच, "ते... ते द्या." दुकानदार माळ्यावरच्या पोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, "पन्नास की शंभर?" आता भर दुकानात पन्नास कोण म्हणेल? शंभरच! चाचण्यांमध्ये दृष्टीची तक्रार एकंदर ३ टक्के लोकांत दिसली. शंभर मिलिग्रॅमला ती ११ टक्क्यांवर गेली. पुरुषार्थाचा हा हिशेब खोक्यातल्या घडीच्या कागदावर छापलेला असतो. पण खोकं दुकानातच फेकून गोळी पाकिटात गेलेली असते.

रात्री हेच गृहस्थ बायकोवर खेकसतात, "सदऱ्याला नीळ किती घातलीस?" घरात नीळ येऊन वर्षं लोटली.

काहीजण शहाणे. ते 'शंभर टक्के जडीबुटी' घेतात. अशा पुड्यांत सिल्डेनाफिल लपवलेलं सापडल्याचे इशारे अमेरिकेची एफडीए वारंवार देते. म्हणजे गोळी तीच, फक्त किती मिलिग्रॅम ते ऋषिमुनींना ठाऊक.

निळेपणा बहुधा काही तासांत ओसरतो, त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. एका डोळ्याची नजर अचानक जाते त्यात नाही. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटतो. प्रकार दुर्मीळ आहे, गोळीनेच होतं असं सिद्ध झालेलं नाही. तरी २००५ मध्ये एफडीएने ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावली. असं झालं तर गोळी थांबवून तडक डॉक्टर गाठायचे.

गृहस्थ गाठतातही, पण सौभाग्यवतींना सोबत घेऊन. डॉक्टर विचारतात, "कुठली औषधं चालू आहेत?"

"बीपीची."

"आणखी?"

"च्यवनप्राश."