बोली वाचवा, सीट धरा

पुसदच्या एका कॉलेजात ‘बोली वाचवा’ या विषयावर मी तासभर बोललो. अर्थात शुद्ध प्रमाण मराठीत. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी, बंजाऱ्यांची गोरमाटी, गोंडी, कोलामी, पाटणबोरीकडं तेलुगू, अशी बोटं मोजून दाखवली. 1963 ते 1975 मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक इथल्याच गहुलीच्या बंजारा घरातले, हेही ऐकवलं. तिथं टाळी हमखास पडते. पांढरकवड्याचा व्यापारी आदिलाबादकडच्या गिऱ्हाइकाशी तेलुगू, हमालाशी वऱ्हाडी आणि उधारी मागताना हिंदी बोलतो, यावर हशाही मिळाला. शाल, नारळ घेऊन यवतमाळच्या एस्टीत चढलो.

शेजारच्या बाकावर म्हातारी आणि तिचा नातू. गोरमाटीत गप्पा रंगलेल्या. होस्टेलातल्या बंजारा मित्रानं शिकवलेलं एकच वाक्य मी तीस वर्षं जपून ठेवलंय. ते बाहेर काढलं, “तारो नाम कांई छ?”

म्हातारीनं पदर सावरला, शालीकडं पाहिलं आणि मराठीत म्हणाली, “सरका न साहेब, पिशवी ठेवू द्या.” नातू उठून उभाच राहिला. “सर, आपलं भाषण अतिशय उद्बोधक झालं.” त्यानंतर ती दोघं एकमेकांशीही मराठीतच बोलू लागली. तासाभराच्या भाषणानं बोली वाचली की नाही माहीत नाही. एका वाक्यानं बंद मात्र पाडली.

दोष त्यांना काय द्यायचा? पुण्याच्या मेसमध्ये मी एकदा “मले भाजी वाढा” म्हणालो आणि अख्खी पंगत हसली. तेव्हापासून ‘मले’ घरी ठेवून ‘मला’ तेवढं घेऊन बाहेर पडतो.

दिग्रसच्या अलीकडं आईचा फोन आला. तोंडावर हात धरून हळूच बोललो, “हाओ न मा, येऊनच रायलो! मायासाठी भाकर नोको टाकू.”

म्हातारी खुदकन हसली. “अर्रे, हा तं आपल्याइकडचाच निंघाला!” पिशवीतून मूठभर शेंगा काढून तिनं माझ्या हातावर ठेवल्या. नातूही खाली बसला, ‘आपलं’ सोडून ‘तुमचं’वर आला. “मंग सर, भाषणात असं काऊन नाही बोलले?”

मी शेंगा सोलत राहिलो. काय सांगणार? खिशातल्या पाकिटावर लिहिलं होतं: मानधन रुपये पाचशे फक्त.