काकाजी आणि चौदा मणके

तालुक्याच्या गावी एक तहसील असते, एक पोलीस ठाणे असते आणि एक काकाजी असतात. पहिल्या दोहोंना सरकारी मंजुरी लागते. काकाजी आपले आपण रुजू होतात. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसाचे काकाजी सेवानिवृत्त शिक्षक. पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, खिशाला रिफिल संपलेले पेन. असे काकाजी आमगावात आहेत, देवरीत आहेत, अर्जुनी मोरगावात तर एकाच चौकात दोन निघतील. तेव्हा हे आपल्यावरच लिहिले आहे असे कुणी एकाने समजू नये. सगळ्यांनी समजायला हरकत नाही.

स्टेशनाच्या वाटेवरच्या टपरीवर सकाळी बसणाऱ्यांचे विषय ठरलेले. धानाचे चुकारे कधी जमा होणार, बोनस मिळणार की निवडणुकीपर्यंत लटकणार, हावड्याकडची गाडी आज किती लेट. काकाजींना यातल्या कशात रस नाही असे नाही. त्यांचेही चुकारे अडकलेले असतात. पण कट चाय हातात आली की त्यांच्या डोक्यात वेगळेच काही तरी सुरू होते.

“मले एक सांगा,” काकाजी म्हणतात, “घुबड पापनी मिटते, तं वरची मिटते का खालची?”

टपरी गप्प. ज्याचे चुकारे अडकले आहेत तो वैतागून म्हणतो, “काकाजी, घुबड कोनती बी मिटो, माहे पैसे कायले अडले ते सांगा.” पण दोन मिनिटांनी तोच हळूच विचारतो, “वरची ना?” इथे काकाजी जिंकलेले असतात. उत्तर असे, की डोळे मिचकावताना घुबड वरची पापणी खाली आणते, झोपताना खालची वर ओढते, आणि या दोन्हींखेरीज त्याला एक तिसरी, पातळ पापणी असते. बहुतेक पक्ष्यांना हे वरच्या पापणीचे मिचकावणे जमत नाही. म्हणूनच घुबडाचा चेहरा माणसासारखा वाटतो आणि म्हणूनच माणूस त्याला घाबरतो, हा काकाजींचा स्वतःचा सिद्धांत. पहिला भाग पुस्तकात सापडतो, दुसरा फक्त टपरीवर.

मणक्यांचा विषय निघाला की काकाजींना आवरणे कठीण. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसवलेले, ते फिरत नाहीत. म्हणून निसर्गाने त्याला मान दिली, तीही एका बाजूला 270 अंशांपर्यंत वळणारी. माणसाच्या मानेत सात मणके, जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच, घुबडाच्या मात्र चौदा. “हे चौदा मनके खरं म्हनजे पुढाऱ्याले पायजे होते,” काकाजी म्हणतात, “मागं कोन उभं हाय ते न वळता दिसलं असतं.” टपरीवर कोणत्या पक्षाचा माणूस बसला आहे ते पाहून ते पुढाऱ्याचे नाव घालतात किंवा गाळतात. शिक्षकी पेशाने दिलेली ही सावधगिरी.

घुबडाबद्दल गावात जे समज आहेत त्यांच्याशी काकाजी भांडत नाहीत, गणित मांडतात. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नदीत नेऊन टाकते आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजतो, हे लहानपणी कुणी ऐकलेले नाही? काकाजी म्हणतात, आपल्या घराच्या वळचणीला बसतो तो पिंगळा. त्याचे वजन जेमतेम सव्वाशे ग्रॅम. पोराने मारलेला दगड पाव किलोचा. तो पायात धरून पिंगळ्याने बाघ नदीपर्यंत उडत जायचे, म्हणजे काकाजींनी दोन पोती धान डोक्यावर घेऊन गोंदिया गाठण्यातला प्रकार. “आन् झिजायचंच असन तं मानूस पेन्शनच्या कागदायनं बी झिजते, त्याले घुबड कायले पायजे?”

काकाजींचे खरे दैवत मात्र रानपिंगळा. त्याची गोष्ट ते वर्षातून अनेकदा सांगतात आणि प्रत्येक वेळी सालेकसा तिच्या थोडे अधिक मध्यभागी येते. ब्लुइट नावाच्या साहेबाने 1872 साली छत्तीसगडातल्या फुलझरच्या बाजूला, बसना परिसरात एक लहानसे घुबड मारले. पुढच्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याला नाव दिले. हे तेच ह्यूम, ज्यांनी पुढे 1885 साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. (“म्हनजे काँग्रेसच्या आंधी घुबड,” ही काकाजींची नोंद. ती कोणत्याही पक्षाच्या माणसाला सारखीच खुपते.) मग 1884 नंतर हा पक्षी कुणाला दिसलाच नाही. रिचर्ड माइनर्टझ्हागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1914 साली तापीकाठच्या मांडवीला आपण तो मारला असा दावा केला होता, आणि त्या नोंदीच्या भरवशावर शोधणारे चुकीच्या ठिकाणी हिंडत राहिले. अखेर पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले पेंढा भरलेले नमुने तपासले आणि साहेबाची लबाडी उघड झाली. त्याने नमुना संग्रहालयातूनच चोरला होता, आणि तो होता जेम्स डेव्हिडसनने 1880च्या दशकात खानदेशात मिळवलेला. नवी चिठ्ठी चिकटवून तो आपल्या नावावर खपवला होता.

चोरी सांगताना काकाजींचा आवाज खाली येतो, जणू साहेब पलीकडच्या बाकावर बसला आहे. “घुबड चोरलं! सोनं नाई, रुपये नाई, मेलेलं घुबड!” टपरीवाला उकळता चहा विसरून ऐकत असतो. पुढे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ही अमेरिकन मंडळी खोटी नोंद बाजूला ठेवून खऱ्या जागांकडे वळली आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, भर सकाळच्या उजेडात, रानपिंगळा फांदीवर बसलेला दिसला. 113 वर्षांनी. पुढे तो मेळघाटातही मिळाला, तानसाच्या जंगलातही. रानपिंगळा दिवसाही हिंडतो. म्हणजे एवढी वर्षे तो लपलेला नव्हता, बघणाऱ्यांचाच पत्ता चुकला होता.

आता काकाजींचा दावा. फुलझर पूर्वेला, शहादा पश्चिमेला, मधे कोण? सालेकसा! तेव्हा जवळच्या दरेकसाच्या जंगलात रानपिंगळा असलाच पाहिजे. कुणी तरी आठवण करून देते की रानपिंगळा प्रवासी पक्षी नाही, जिथे जन्मतो त्याच मुलखात राहतो; वाटेत उतरायला तो मुंबई-हावडा गाडीने जात नव्हता, आणि 1872 साली इकडे रेल्वेही नव्हती. काकाजी एक घोट घेतात. “मनून तं म्हनतो, आला असन तं पायी आला असन.” मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते, त्यांच्यासारखे डोळे आता कुणाला आहेत, असेही ते वर जोडतात. त्यावर कुणाला काही बोलता येत नाही.

मांजरीचे प्रकरण वेगळे. टपरीवर एक करडी मांजर आहे. तिला नाव नाही. हक्क सगळे आहेत. टपरीवाल्याचा समज असा की तिला गोड फार आवडते, कारण कढईच्या कडेची रबडी ती चाटूनपुसून खाते. काकाजींनी त्याला एके दिवशी सांगितले, की मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही. ती चव ओळखायला लागणारा जीन तिच्यात निकामी आहे, हे 2005 साली शास्त्रज्ञांनी दाखवले. ती खाते ती मलई, साखर नव्हे. टपरीवाला दुखावला. पाच वर्षे ज्या गिऱ्हाइकाने रबडीची तारीफ केली असे तो मानत होता, त्याला रबडी कळतच नव्हती. दुसऱ्या दिवशी काकाजींच्या चहात साखर नव्हती.

मांजर उंचावरून पडली तरी पायांवर कशी येते, हे 1894 साली पॅरिसला एत्येन-ज्यूल मारे यांनी एकामागून एक फोटो काढून दाखवले, हे सांगताना काकाजींनी मांजरीकडे अशा नजरेने पाहिले की ती छपरावर गेली आणि संध्याकाळपर्यंत उतरली नाही. मांजर आडवी गेली म्हणून एक जण गोंदियाला जायचा थांबला, तेव्हा काकाजींनी एवढेच विचारले, “तिच्या वाटेत तुमी आडवे गेले, तं तिनं उंदीर पकडाले जावं का नाई?” तो माणूस विचार करत बसला. गाडी गेली. मांजर आडवी गेल्याने काम होत नाही, ही समजूत त्या दिवशी पक्की झाली आणि दोष सगळा काकाजींचा.

घरी काकूंचे मत एका वाक्यात मावते: माणूस सांभार (कोथिंबीर) आणायला गेला की दुपारी घुबडाची ओकारी घेऊन येतो. हे खरे आहे. घुबड उंदीर सबंध गिळते आणि न पचलेली हाडे-केस गोळी करून ओकून टाकते. शाळेमागच्या चिंचेखाली काकाजींना अशी गोळी मिळाली, ती त्यांनी वर्तमानपत्रात बांधून भाजीच्या पिशवीत टाकली आणि काकूंनी उघडण्याआधी सुदैवाने टपरीवर सोडली. आगकाडीने त्यांनी ती उकलली. राखाडी केसांच्या गुंत्यातून आधी एक दात निघाला, पिवळट, वाकडा. मग जबडा. मग नखाएवढी कवटी, आणि अजून एक, आणि अजून एक. एका गोळीत तीन उंदीर. सगळी टपरी वाकून पाहत होती. ज्याच्या कोठीतले धान उंदरांनी पोखरले होते तो शेतकरी बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “काकाजी, हे आपल्या वावरात कसं आनाव?”

काकाजींनी उत्तर द्यायला हवे होते: वावरात जुनी ढोलीची झाडे राहू द्या, उंदरांना विष घालू नका, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडालाही मारतो. त्यांनी ते सांगितलेही, पण अर्ध्या तासाने. आधी त्यांनी गव्हाणी घुबडाचा एक कान वर आणि एक खाली का असतो, काळ्याकुट्ट खोलीत केवळ आवाजावर ते उंदीर कसे पकडते, आणि हा प्रयोग करणारे रॉजर पेन पुढे देवमाशांच्या गाण्यांकडे कसे वळले, हे सगळे सांगितले. मग विषय इकडच्या झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांवर घसरला. मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत पहाटेपर्यंत टक्क जागणारे प्राणी दोनच, घुबड आणि झाडीपट्टीचा प्रेक्षक, आणि घुबड निदान तिकीट काढत नाही. शेतकरी उठून गेला होता. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, हे महत्त्वाचे.

दिवाळीच्या तोंडावर देशात ठिकठिकाणी लक्ष्मीच्या नावाने घुबडे पकडली आणि विकली जातात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार हा गुन्हा आहे. असे काही नजरेस आले तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. काकाजींना मात्र सांगू नये. ते विकणाऱ्यालाच बसवून घेतील, त्याला चहा पाजतील आणि पक्ष्याची जात विचारत राहतील.