छत्री उलटली की एक किलोवॉट

हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लिफ्ट, पार्किंग आणि वरच्या मजल्याची गळती हे तीन विषय भांडून संपले की चौथा विषय येतो पर्यावरणाचा. तोवर चहा आलेला असतो, त्यामुळे तो एकमताने मंजूर होतो. सोलर शेजारच्या सोसायटीने आधीच बसवलेलं असतं; आपणही तेच बसवलं तर नक्कल केल्यासारखं दिसेल. मग कुणीतरी मोबाइलवर चित्रफीत फिरवतं. निळंशार आकाश, स्वच्छ गच्ची आणि गच्चीवर गरगरणारी सुबक पवनचक्की. गच्ची इतकी स्वच्छ आहे म्हणजे ती आपल्या देशातली नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. लगेच निवड समिती नेमली जाते आणि समितीपुढे प्रश्न येतात: तीन पात्यांची घ्यायची की पाच, आडवी की उभी, पांढरी की हिरवी? मुलगी बघायच्या आधीच मांडवाचा रंग ठरवण्यातला हा प्रकार आहे. घरगुती पवनचक्की निवडताना यंत्राची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी वारा बघायचा असतो, आणि बहुतेक ठिकाणी वारा बघितल्यावर यंत्र बघायचं कारणच उरत नाही. नेमक्या याच कारणाने समित्या वारा बघत नसाव्यात.

माहितीपत्रकावरचा ‘१ किलोवॉट’ हा आकडा लग्नाच्या बायोडेटातल्या पगारासारखा वाचावा. तो खोटा नसतो. फक्त बोनस, थकबाकी आणि प्रवासभत्ता ज्या महिन्यात एकदम जमा झाला त्या महिन्याचा असतो. छोट्या चक्क्यांची क्षमता बहुधा सेकंदाला ११ किंवा १२ मीटर वेगाच्या वाऱ्याला मोजलेली असते. सेकंदाला १२ मीटर म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. वाऱ्याच्या ब्युफर्ट मापपट्टीवर ही सहावी पायरी आहे आणि तिची ओळख अशी दिली जाते: झाडांच्या मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालतात, छत्री सांभाळणं कठीण जातं. म्हणजे चक्कीने कबूल केलेला एक किलोवॉट घरात यायचा तर कोपऱ्यावर दूध आणायला गेलेल्या माणसाची छत्री उलटी होऊन परत आली पाहिजे, आणि तीही रोज, सकाळ-संध्याकाळ. आपल्या शहरांत छत्री उलटते ती पावसाळ्यातल्या मोजक्या दिवशी, आणि तेव्हाही बरेचदा दोन इमारतींच्या मधल्या बोळात. चक्की मात्र बोळात बसवायची नसते, गच्चीवर बसवायची असते.

आता थोडं गणित. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा उरते, पाव झाला की चौसष्टावा. शहरी गच्चीवर वर्षाची सरासरी सेकंदाला ३ मीटर धरू. म्हणजे तोंडावर झुळूक जाणवते आणि पानं सळसळतात, एवढा वारा. बारा मीटरचा हा पाव भाग. हजार वॉटला चौसष्टने भागलं की साडेपंधरा वॉट येतात. दिवाणखान्यातला जुना पंखा ७५ वॉट खातो. थोडक्यात, गच्चीवरचा दोन मीटर व्यासाचा पंखा खालचा चार फुटी पंखा फिरवू शकत नाही. फार तर खालचा पंखा वर नेऊन चक्कीसमोर लावता येईल, आणि चहा दुसऱ्यांदा आला तर सभा तसाही ठराव करील. इथे सभेतला एखादा निवृत्त इंजिनिअर हात वर करतो आणि म्हणतो की सरासरीचा घन काढणं चूक आहे; वारा कधी १ असतो, कधी ६, आणि जोराचे थोडे तासच मोठी भर घालतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. वाऱ्याच्या नेहमीच्या चढउताराचा हिशेब धरला तर आकडा जवळपास दुप्पट होतो. तर दुप्पट करू: तीस वॉट, रात्रंदिवस. महिन्याचे बावीस युनिट होतात. त्यातून अगदी मंद वाऱ्यात पाती हलत नाहीत ते तास आणि इन्व्हर्टरने चाखलेला वाटा वजा केला की वीसच्या आत-बाहेर. इंजिनिअरसाहेबांचं समाधान झालं, बिलाचं झालं नाही.

यावर विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं: आमचं तंत्र नवीन आहे, आम्ही वाऱ्यातून जास्त काढतो. किती जास्त काढता येईल याची हद्द जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० साली घालून दिली आहे: सत्तावीसातले सोळा भाग, म्हणजे ५९.३ टक्के. कारण सोपं आहे. वाऱ्याची सगळी ताकद काढून घेतली तर तो पात्यांमागे थांबून राहील आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाट उरणार नाही. लोकलच्या दारात उभं राहणाऱ्या मंडळींनी हे तत्त्व प्रयोगाने रोज सिद्ध केलं आहे. छोट्या चक्क्या प्रत्यक्षात तीसेक टक्क्यांच्या आसपास राहतात, आणि वरचं गणित तेवढे धरूनच केलेलं आहे. उभ्या अक्षाच्या चक्क्यांची तारीफ अशी की वारा कुठूनही आला तरी त्या फिरतात. फिरतात, हे खरं. पण फिरणं आणि वीज देणं यांत फरक आहे. तो कुठल्याही कार्यालयात खुर्चीकडे पाहून कळतो. अर्ध्या पिंपांसारख्या दिसणाऱ्या ज्या चक्क्या मंद वाऱ्यातही गोड फिरताना दिसतात, त्या सावोनियस जातीच्या. फिनलंडच्या सिगुर्ड सावोनियस यांनी त्या १९२०च्या दशकात काढल्या. तितक्याच आकाराच्या चांगल्या तीन पात्यांच्या चक्कीपेक्षा त्या वीज कमी देतात. बघायला मात्र छान. समितीत बघणाऱ्यांचं बहुमत असतं.

उंचीबद्दल मात्र आपल्याकडे शहाणपणाची उणीव कधीच नव्हती. खळ्यावर उफणणी करणारा शेतकरी पाटी डोक्यावर धरून जमिनीवर उभा राहत नसे. तिवईवर चढत असे. चार फूट वर गेलं की वारा नितळ लागतो आणि भुसा दूर पडतो, हे त्याला कुठल्या अहवालात वाचायला लागलं नाही. वारा पडला तर तो पाटी खाली ठेवून बसून राही. वाऱ्याला हप्ते बांधून द्यायची त्याची पद्धत नव्हती. आजचा नियम तोच आहे, फक्त फुटांत: आसपासच्या दीडशे मीटरमध्ये जे काही उंच असेल, त्याच्याहून निदान तीस फूट वर पाती हवीत. आपल्या गच्चीवर आसपास काय असतं? पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, मोबाइलचा मनोरा आणि पलीकडची आपल्याहून तीन मजले उंच नवी इमारत. वारा त्यांना अडखळत येतो. कठड्याला आपटून वर उसळतो, गिरक्या घेतो. पाती एका बाजूला, वारा दुसऱ्या बाजूला आणि बेअरिंगचा जीव मधे. विक्रेता मात्र वाऱ्याचा नकाशा दाखवतो. नकाशा खरा असतो. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेसारख्या ठिकाणी असे नकाशे मेहनतीने तयार होतात. तो बहुधा शंभर किंवा एकशेवीस मीटर उंचीवरचा असतो, एवढंच. चार मजली इमारतीच्या गच्चीवर उभं राहून तो पाहणं म्हणजे विमानातल्या जेवणाचा मेनू एसटीत वाचणं.

हे सगळं कागदावरचं, प्रत्यक्षात काय होतं ते बघा, असं म्हणणाऱ्यांसाठी ब्रिटनने सोय करून ठेवली आहे. तिथे वाऱ्याला तोटा नाही आणि गच्चीच्या चक्कीची हौस आपल्याआधी वीस वर्षं येऊन गेली. विरोधी पक्षनेते असताना डेव्हिड कॅमरन यांनी २००७ मध्ये लंडनच्या आपल्या घरावर चक्की लावली. मंजूर जागेपेक्षा वेगळ्या जागी लावल्याने ती उतरवावी लागली. पुढे ते पंतप्रधान झाले, त्यामुळे चक्कीने काहीच साधलं नाही असं म्हणता येत नाही. वॉरिकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत इमारतींवरच्या २६ चक्क्या मोजल्या गेल्या. २००९च्या अहवालात दर चक्कीमागे दिवसाची सरासरी निघाली २१४ वॉट-तास. आपल्या त्या ७५ वॉटच्या पंख्याला हे तीन तास पुरत नाहीत. काही चक्क्यांनी दिली त्याहून जास्त वीज त्यांच्याच यंत्रणेने खाल्ली. घरजावई आणला आणि तोच उसने मागू लागला, तसं. त्याच वर्षी एनर्जी सेव्हिंग ट्रस्टच्या पाहणीत शहरातली किंवा उपनगरातली एकही इमारतीवरची चक्की वर्षाला २०० युनिटच्या पुढे गेलेली आढळली नाही. वर्षाला, हे पुन्हा वाचावं. आमची इमारत वीस मजली आहे, आमचं वेगळं, असं म्हणणाऱ्यांनी वॉरिक चाचणीतल्याच उंच इमारती पाहाव्यात. वीज सर्वांत चांगली तिथेच मिळाली, आणि आवाजाच्या तक्रारींमुळे तिथल्याच चक्क्या बंद ठेवाव्या लागल्या. लंडनमध्ये २०१० साली पूर्ण झालेल्या स्ट्राटा नावाच्या मनोऱ्याच्या माथ्यावर तर नऊ-नऊ मीटरच्या तीन चक्क्या इमारतीतच बसवल्या होत्या, इमारतीची आठ टक्के वीज देतील असं सांगून. त्या बहुतेक वेळ उभ्याच दिसतात. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या सर्वांत कुरूप नव्या इमारतीसाठीचं बक्षीसही त्या मनोऱ्याला मिळालं, आणि कुरूप दिसण्याचं काम मात्र त्या चक्क्या अखंड करत असतात.

मग साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर, चाळकेवाडीला, धुळ्याच्या ब्राह्मणवेलला त्या चक्क्या काय शोभेला उभ्या आहेत? हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचं उत्तर त्यातल्या गावांच्या नावांतच आहे. ही पठारं आणि माळ आहेत, सोसायट्या नव्हेत. आधी माणसं वारा मोजत हिंडली, मग यंत्रं चढवली, आणि तीही उंच मनोऱ्यांवर. दुसरा आक्षेप याहून चांगला आहे: पावसाळ्यात ढगांमुळे सोलर मंदावतं आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे वारा जोरात असतो, तर दोन्ही एकमेकांना पूरक. खरं आहे. घाटमाथ्यावर किंवा समुद्राकडे उघड्या कड्यावर ज्याचं घर आहे, जिथे महावितरणची तार पोचत नाही किंवा पोचून टिकत नाही, त्याने सोलर, बॅटरी आणि चांगल्या मनोऱ्यावरची छोटी चक्की असा मेळ घालावा. तिथे हा शहाणपणा आहे. पण पूरक म्हणजे काय हेही बघावं लागतं. महाराष्ट्रात एक किलोवॉट सोलर महिन्याला साधारण शंभर-एकशेवीस युनिट देतं, पावसाळ्यात त्याहून कमी. त्याला वीस युनिटची चक्की पूरक म्हणायची, तर ताटातल्या मिठालाही पूर्ण जेवण म्हणावं लागेल. शिवाय २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सोलरला तीन किलोवॉटपर्यंत कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. सरकारने एकदा तरी पंख्यापेक्षा उन्हावर जास्त विश्वास टाकला आहे.

इतकं ऐकूनही समितीला चक्की हवीच असेल, तर तिने विक्रेत्याला रंग न विचारता दोन गोष्टी विचाराव्यात: पाती किती चौरस मीटर वारा कवेत घेतात, आणि सरासरी इतक्या वाऱ्याला वर्षाला किती युनिट देतात. अमेरिकेत २००९ मध्ये छोट्या चक्क्यांसाठी जे मानक आलं त्याने हेच केलं: वर्षाची वीज ५ मीटरच्या सरासरीला सांगायची, म्हणजे एकमेकींशी तुलना होते. आपल्या ३ मीटरच्या गच्चीला तो आकडा लागू नाही, हे कळण्यापुरता तो उपयोगी आहे. आणि पैसे देण्याआधी संक्रांतीला गच्चीवर एक काम करावं: पतंगाच्या दोऱ्याला हात-हात अंतरावर रिबिनी बांधून तो उडवावा. सगळ्या रिबिनी एका दिशेला ताठ राहिल्या तर पुढे बोलावं. खालच्या रिबिनी प्रत्येकी वेगळ्या दिशेला मुरडू लागल्या, तर फुकटात अहवाल हाती आला. पर्यावरणासाठी काहीतरी केलंच पाहिजे ही तळमळ असेल तर ७५ वॉटचा जुना पंखा काढून तीस वॉटचा बीएलडीसी पंखा लावावा; रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. दोन पंखे बदलले की गच्चीवरची चक्की हरली. अडचण एवढीच, की घरातला पंखा शेजारच्या सोसायटीला दिसत नाही.

आणि खरा मुद्दा दिसण्याचाच आहे. उंच काठी, वर चमकणारी वस्तू, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. हे आपण पाडव्याला दरवर्षी करतो आणि गुढी किती युनिट देते असं कुणी विचारत नाही. चक्कीकडेही त्याच भावनेने पाहिलं तर हिशेबाचा प्रश्नच मिटतो. फरक इतकाच, की गुढी संध्याकाळी उतरवता येते. चक्कीच्या मनोऱ्यासाठी स्लॅबला भोकं पाडलेली असतात, त्यांतून वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं, पाती फिरली की कंप वरच्या मजल्याच्या भिंतीत उतरतो, आणि पुढच्या सभेत गळतीचा विषय पहिल्या क्रमांकावर येतो. चक्की उतरवायचा खर्च सिंकिंग फंडातून करायचा की मेंटेनन्समधून, यावर ठराव होत नाही, म्हणून ती राहते. मनोऱ्याला ताण देणाऱ्या चारही तारांवर मात्र दुसऱ्याच महिन्यापासून चादरी वाळत पडलेल्या दिसतात. त्या दुपारपर्यंत कडकडीत वाळतात. तीन मीटरचा वारा त्यासाठी भरपूर आहे.